करीच्या दिवशी भरलेली जीप

स्वस्तात प्रवास करायला अक्कल लागते म्हणतात. अक्कल कसली कपाळाची! लागतात ते पाय, लागते ती कंबर, आणि लागतं ते कुठंही, कसंही, वेळ पडली तर उभ्याउभ्यासुद्धा झोपून घ्यायचं कसब. सुखदेव सोमकुवरची पोर प्रज्ञा तीन वर्षं नागपूरला अप-डाउन करून राहिली होती. एवढ्या काळात तिनं नागपूर म्हणून जे पाहिलं ते म्हणजे एक बसस्टॉप, एक कॉलेज आणि त्या दोघांच्या मधला रस्ता. कोणी विचारलं, "काय वं, नागपूर कसं हाय?" तर ती म्हणायची, "उन्हाचं हाय." आता याच्यापुढं माणसानं काय विचारावं?

तिचं गाव बोरगावच्या फाट्यापासून आठ किलोमीटर आत. फाट्यावरून छिंदवाड्याकडच्या खाजगी बसा धडाधड नागपूरला जातात, पण त्या पूर्ण भाडं घेतात. थोडं पुढं गेलं की मध्य प्रदेश संपतो, महाराष्ट्र लागतो, आणि तिकडच्या एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट. रस्ता तोच, धूळ तीच, खड्डे दोन्ही सरकारांचे सारखेच; पण शीव ओलांडली की बाईची किंमत अर्धी होते, असं प्रज्ञाची आई लीलाबाई म्हणायची आणि स्वतःच हसायची. प्रज्ञानं पहिल्याच महिन्यात हे सगळं डोक्यात बसवून टाकलं. सकाळी गावातून गुणवंताची जीप पकडायची, ती शिवेपलीकडं केळवदला सोडते. तिथून एसटी. नागपूर लागलं की दोन स्टॉप आधीच उतरायचं आणि बाकीचं पायी. संध्याकाळी हेच सगळं उलटं.

पांढुर्ण्याच्या पोरींचं बरं होतं. त्या रेल्वेचा पास काढून गटागटानं जायच्या, भजी खायच्या, गाणी म्हणायच्या. तिच्या वर्गात तिगावची एक होती, तिच्या स्टेशनावर मोजक्याच गाड्या थांबायच्या, म्हणून तीसुद्धा आधी पांढुर्णा गाठायची. पण निदान रूळ तरी होते. प्रज्ञाच्या वाट्याला गुणवंताची जीप होती, आणि त्या जीपचा एकच कायदा होता. सवाऱ्या भरल्याशिवाय चाक हलत नाही. कलेक्टर बसला तरी नाही.

त्यात गावाचं एक निराळंच. गावातून रोज नागपूरला जाणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे ही पोर. मग काय! दिसली की लोकांना कामं सुचत. "नागपूरले जाऊन राहिली का वं? मंग येता येता…" या 'येता येता'नं तिचा जीव नकोसा केला होता. येता येता ब्लाउजचं अस्तर, येता येता मोटारपंपाचं बुश, येता येता भाच्याच्या साखरपुड्याचा हार. प्रज्ञासोबत गावच्या शाळेत शिकलेला सौरभ, त्याच्या आईला तर अस्तराचा रंग कधी पटलाच नाही, तीनदा बदलून आणायला लावला. पोर नाही म्हणत नसे. बॅग पाठीवर, पिशवी हातात, संध्याकाळी जीपमधून उतरली की घरोघर वाटत जायची आणि मग आपल्या घरी.

त्यात सगळ्यात खमंग गिऱ्हाईक म्हणजे कवडूजी. पंच्याहत्तरीचा म्हातारा, संत्र्याची बाग, गुडघ्यात वात. नागपूरच्या एका दुकानात त्याच्या गोळ्या स्वस्त मिळत, म्हणून दर महिन्याला त्याचं फर्मान ठरलेलं. प्रज्ञा अंगणात उभी राहायची, तो ओसरीवरून हात लांब करायचा, पाकिटावरची तारीख डोळ्याला लावून वाचायचा आणि म्हणायचा, "दुकानदारानं फसवलं तं नाही ना तुले?" आभार वगैरे शब्द त्याच्या गावी नव्हते. गोळ्या संपल्या की नातवाला पाठवायचा. नातू बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर उभा राहून ओरडायचा, "प्रज्ञाताई, आबाच्या गोळ्याऽऽ!" विहाराच्या पुढं प्रज्ञाची वस्ती. कवडूजी स्वतः त्या कोपऱ्याच्या पुढं कधी आला नाही, आणि त्याचं कोणाला नवलही वाटत नव्हतं. गाव असंच चालत आलं होतं.

प्रज्ञा शिकत होती लॅबचं. रक्त तपासायचं, लघवी तपासायची, काचेवर रक्ताचा थेंब पसरून रंगवायचा, ते सगळं. शेवटचं वर्ष. सौंसरच्या एका पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरानं सांगून ठेवलं होतं, "पास होऊन ये, दुसऱ्या दिवशी कामावर." सौंसर! घरून अर्ध्या तासावर! महिना पगार आणि रोजची झोप. पगारापेक्षा झोपेचंच प्रज्ञाला जास्त अप्रूप होतं, हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. लेखी पेपर झाले होते. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रॅक्टिकल. बाहेरून परीक्षक येणार, सकाळी दहाला दार बंद, चुकला तो थेट सहा महिन्यांनी. आणि सहा महिन्यांची आणखी फी भरायची ताकद सुखदेवात नव्हती. तो बोरगावच्या एका कारखान्यावर रात्रीचा चौकीदार होता. तो तसं बोलला नव्हता. पण फीचा विषय निघाला की तो सायकलीची चेन पुसायला बसायचा, त्यावरून घरच्यांना समजायचं.

म्हणून प्रॅक्टिकलच्या तीन दिवस आधी प्रज्ञानं पहिल्यांदाच गावाला नाही म्हटलं. कोणाचंच काम घेणार नाही, या खेपेला फक्त परीक्षा. सौरभच्या आईनं तोंड फिरवलं. कवडूजी ओसरीवरून म्हणाला, "चार गोळ्या आणाले हात मोडते का तुहे?"

"काकाजी, परीक्षा हाय. डोक्यात काहीच नाही ठेवायचं मले."

"गोळ्या डोक्यात ठेवाच्या असतेत का? पिशवीत ठेवाच्या असतेत."

ती तिथूनच मागं फिरली. वर्गातली दामिनी पांढुर्ण्याकडचीच, पण नागपुरात खोली करून राहत होती. ती म्हणाली होती, आदल्या रात्री माझ्याकडं ये. पण खोलीची मालकीण पाहुण्याचे वेगळे पैसे घ्यायची, आणि शिवाय प्रज्ञाला आपल्या बेतावर भरवसा होता. तीन वर्षं तो बेत चुकला नव्हता. पावसाळ्यात नाही, लग्नसराईत नाही, निवडणुकीत नाही. मग आता काय व्हायचं होतं?

आदल्या दिवशी गावात संक्रांत होती. बाया नटून-थटून वाण लुटत होत्या. प्रज्ञा विहाराजवळून येत होती तर कवडूजीच्या म्हातारीनं तिला थांबवून हातावर तिळगूळ ठेवला, "घे वं, गोड बोल." पोरीनं तो खाल्ला, तोंड गोड झालं, पण डोक्यात काही शिरलं नाही. तिच्या घरी संक्रांत नव्हती. संक्रांत नाही, तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची करही नव्हती. लहानपणी करीच्या दिवशी शेताकडच्या मैत्रिणी खेळायला यायच्या नाहीत, एवढं तिला माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि ध्यानात असणं निराळं. मागची दोन वर्षं त्या दिवसांत कॉलेजला सुट्टी होती. तिच्या बेतात बसा होत्या, जीप होती, चालायचा रस्ता होता. कर नव्हती.

सकाळी धुकं होतं. पांढरा कोट इस्त्री करून पिशवीत घातलेला. प्रज्ञा स्टँडवर, म्हणजे पिंपळाखाली, आली. जीप उभी होती. पण ओली. गुणवंता बादली घेऊन तिची चाकं धुऊन राहिला होता.

"गुणवंता भाऊ, सवाऱ्या कुठी गेल्या?"

गुणवंतानं वर पाहिलं. "आज कुठल्या सवाऱ्या, बाई? आज कर हाय."

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. करीच्या दिवशी कोणी शिवेबाहेर पाऊल टाकत नाही, नवं काम धरत नाही, प्रवासाला निघत नाही. म्हणजे जीप भरणारं अख्खं गाव आज घरात.

"भाऊ, माहं शेवटचं प्रॅक्टिकल हाय. मले एकटीले सोडून द्या ना फाट्यावर. पैसे दोन सवाऱ्यांचे देते."

"पैशाचं नाही वं," गुणवंता फडकं पिळत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "करीच्या दिवशी खाली गाडी शिवेबाहेर काढली, का सालभर खालीच फिरते. माह्या बापानं सांगून ठेवलं. भरली असती तं काढली असती. खाली नाही काढत."

हा गुणवंताचा आपला समज होता. पण गाडी त्याची, समजही त्याचा. वस्तीतल्या ज्या पोरांकडं मोटारसायकली होत्या ती सहालाच बोरगावच्या कारखान्यांवर निघून गेली होती. बाप तिकडंच, सायकल बापासोबत. आठ किलोमीटर चालत गेली असती तर फाट्यावर पोचेपर्यंत वेळ निघून गेली असती.

ती सौरभच्या घरी धावली. अंगणात त्याची मोटारसायकल होती, सौरभ चावी घेऊन निघालाही, तोच आई दारात आडवी आली. "करीच्या दिवशी गाडी नाही काढत. याचा मामा असाच करीच्या दिवशी निंगाला होता. पाय गेला त्याचा." ती ओरडली नाही, रडवेल्या आवाजात बोलली, हेच वाईट. ओरडली असती तर प्रज्ञाला भांडता आलं असतं.

ती परत पिंपळाखाली आली आणि पारावर बसली. कवडूजी काठी टेकत तिथं आला होता, रोज सकाळी येऊन बसायची त्याची जागा ती.

"तुमच्यात कर नाही पाळत ना?" त्यानं विचारलं.

"नाही पाळत, काकाजी," प्रज्ञा म्हणाली, "म्हणून तं ध्यानात नाही राहिलं." आणि तिथंच तिचा बांध फुटला. तीन वर्षांत ती रडली नव्हती. एसटीत जागा न मिळाल्यावर नाही, ताप अंगात असताना चालल्यावर नाही. आता मात्र ती हमसून हमसून रडली, आणि रडता रडता सगळं बोलून गेली. "मी थकली, काकाजी. मले कुठी जायचं नाही हाय नागपूरले. मले सौंसरले नोकरी करायची हाय अन् रात्री झोपायचं हाय. एवढंच पाहिजे मले. साऱ्या गावाचं आणून देते मी, कोणाचं अस्तर, कोणाचे बुश, अन् आज मले फाट्यापर्यंत न्यायले कोणी नाही!"

कवडूजीनं काठी उचलली आणि चालता झाला. म्हातारा गेला. प्रज्ञाला वाटलं, बरोबर आहे, गोळ्यांचा राग असेल. गुणवंता बादली घेऊन खाली मान घालून उभा.

थोड्या वेळानं गल्लीतून आवाज यायला लागले. पुढं कवडूजी, काठी आपटत, गुडघ्यानं लंगडत. मागं त्याची म्हातारी, शाल गुंडाळून. तिच्यामागं झोपेतले दोन नातू आणि सून. "बसा," कवडूजी जीपकडं काठी दाखवून म्हणाला. "गुणवंता, सवाऱ्या मोज."

"काकाजी, आज कर!"

"कर माह्या घरी हाय. पोरीच्या घरी कर नाही. आपून काय आपल्या कामानं निंगून राहिलो? पोरीच्या कामानं निंगून राहिलो. तिच्या कामाले कर कशी लागन?"

गुणवंतानं बादली बाजूला ठेवून मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात सौरभ आला, आणि त्याच्यामागं पदर सावरत त्याची आई. "मोटारसायकलवर नाही म्हटलं होतं मी," ती कोणाकडंही न पाहता म्हणाली, "जीपचं कुठी म्हटलं होतं?" वस्तीकडून लीलाबाई धावत आली, तिला कोणीतरी सांगितलं होतं. तीही चढली. कवडूजीची म्हातारी आणि लीलाबाई मांडीला मांडी लावून बसल्या, कारण जागाच तेवढी होती. म्हातारीनं आपल्या शालीचं एक टोक लीलाबाईच्या गुडघ्यांवर टाकलं. थंडी होती.

शीव ओलांडताना म्हातारीनं डोळे मिटून हात जोडले. सौरभच्या आईनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. कवडूजी समोर गुणवंताच्या बाजूला ताठ बसला होता, जसा काही जीप तोच चालवून राहिला. केळवदला एसटी उभीच होती. प्रज्ञा उतरली, पैसे काढले, तर गुणवंता हात मागं घेत म्हणाला, "करीच्या दिवशी पैसे हातात नाही घेत मी. उद्या दे." कोणी 'येता येता' म्हटलं नाही. ती एसटीत बसली, अर्धं तिकीट काढलं आणि नागपूर आल्यावर कंडक्टरनं हलवून उठवेपर्यंत झोपली.

प्रॅक्टिकलच्या खोलीचा शिपाई दार लावायला उठलाच होता. परीक्षक बाईंनी तिच्या चपलांवरची धूळ पाहिली, चेहरा पाहिला, विचारलं, "कुठून आलात?" प्रज्ञानं गावाचं नाव सांगितलं, ते त्यांना माहीत नव्हतं. तिनं काचेवर रक्ताचा थेंब पसरवला. पातळ, एकसारखा, जिभेच्या आकाराचा थर उमटला. बाईंनी काच उजेडाकडं धरली आणि म्हणाल्या, "छान. जा आता, झोपा घरी जाऊन."

ती सरळ घरी गेली नाही. आधी त्या दुकानात गेली आणि कवडूजीच्या गोळ्या घेतल्या. मग उलटा प्रवास, केळवदपासून फाट्यापर्यंत खाजगी बसनं. फाट्यावर उतरली तर सुखदेव सायकल घेऊन उभा होता. ड्यूटी कधीची संपली होती, लीलाबाईनं फोन केला होता, पोर कशी येईल म्हणून तो दिवसभर तिथंच थांबला होता. "झालं?" त्यानं विचारलं. "झालं, बाबा." त्यानं सायकल वळवली. ती मागं कॅरिअरवर बसली, बापाच्या पाठीला डोकं टेकवलं, आणि आठ किलोमीटर सुखदेवनं अशी सायकल चालवली की एकही खड्डा लागू दिला नाही.

कवडूजीच्या अंगणात तिनं बापाला थांबवलं. म्हातारा ओसरीवर गुडघा चोळत बसला होता.

"काकाजी, गोळ्या आणल्या."

"मी सांगतलं होतं का?"

"नाही सांगतलं. आणल्या."

त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला. "आज नाही घेत. करीच्या दिवशी नवी वस्तू घरात घेत नाही आम्ही."

प्रज्ञाला हसावं की रडावं कळेना. "सकाळी तं साऱ्या घराले घेऊन निंगाले होते!"

"ते तुहं काम होतं. हे माहं हाय."

"अन् रातभर गुडघे?"

"ते तं रोजचंच हाय."

"बरं. मंग उद्या सकाळी आणून देते."

"तू काहून येशील?" कवडूजी तिच्यावर खेकसला. "तू झोपजो चांगली उन्हं येईपर्यंत. मीच येतो तुमच्या घरी घ्याले. तुह्या मायले सांगजो, चहा ठेवाले."

सुखदेव सायकलीचं हँडल धरून उभा होता. त्यानं ते ऐकलं. विहाराचा कोपरा आला तेव्हा त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. घरी आल्यावर प्रज्ञानं पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि तशीच चटईवर आडवी झाली. डोळे मिटता मिटता तिला बापाचा आवाज ऐकू आला.

"घरात साखर हाय का?"

"काहून?" लीलाबाई चुलीजवळून म्हणाली.

"उद्या कवडूजी चहाले येऊन राहिले. आपल्या घरी."

लीलाबाईच्या हातातलं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आईचा चेहरा पाहावा असं प्रज्ञाला फार वाटलं, पण तिच्यानं डोळे उघडवले नाहीत.